कुसुमबाईंची राहिलेली दोन पानं

मागच्या बायांनो, उभ्या राहू नका, पुढं सरका. सतरंजीवर जागा आहे. सरपंच, तुम्हीही बसा.

चारचौघांत बोलणं मला नवं नाही. अंगणवाडीत पोरांवर ओरडण्यात माझा जन्म गेला, मला माइकची कधी गरजही पडली नाही. पण आज सकाळपासून आवाज बसलाय, म्हणून हा हातात घेतला. तीनदा चहा प्याले, तरी बसलेलाच आहे. तेव्हा मधे थांबले तर थांबू द्या. कुणी पाणी घेऊन पळत येऊ नका.

परवा घाटावर दशक्रियेला भाषणं झाली. सगळी पुरुषांची. चांगली झाली, नाव ठेवत नाही. प्रत्येकानं सांगितलं की कुसुमबाई शांत होत्या, हसतमुख होत्या, कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी बायांच्यात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, कुणाबद्दल बोलताय? माझी जाऊ शांत नव्हती. माझ्याशी ती अकरा वर्षं बोलली नाही, आणि तेही गुपचूप नाही. भांडी आपटून बोलली नाही. घाटावर बाईच्या हातात माइक येत नाही, म्हणून आपल्या बचत गटानं आज देवळाच्या मंडपात ही सभा ठेवली. सगळ्या आलात. मी तुमची ऋणी आहे.

पाहुणेमंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. मी शोभा. कुसुमबाई माझ्या थोरल्या जाऊबाई, मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. आमची दोघींची दारं एकाच ओसरीवर उघडतात. वाटणी झाली तेव्हा त्या ओसरीवर मधोमध भिंत घातली. त्या भिंतीपायी दोन सख्खे भाऊ तोंड फिरवून राहिले आणि तसेच वर गेले. त्यांच्यामागं आम्ही दोघी तोंड फिरवून राहिलो. का? आज विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मग गावात बिबट्या आला. आता दिवस आहे म्हणून नाव घेते.

त्यानं आमचं कुत्रं नेलं. ओसरीवरून नेलं, संध्याकाळी साडेपाचला, मी आत भाकरीचं पीठ मळत असताना. पुढचं तुम्हाला काय सांगू? तुम्ही सगळे त्यातच आहात. पाच वाजले की दारं बंद. शाळेतली पोरं घोळक्यानं आणायची. शेजारणीकडं विरजण मागायला जायचं तर बॅटरी, काठी आणि सोबतीला माणूस. घरात बसायचं, टीव्ही लावायचा आणि उसात काही हललं का त्याकडं कान द्यायचा. आपण सगळे हेच करतोय ना? कधीपासून करतोय, तेही आता आठवत नाही.

तर आमच्या ओसरीला जाळी मारायची ठरली. वेल्डर आला, माप घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मधली भित पाडल्याबिगर चौकट बसत न्हाई बघा." झालं. जी भिंत भावकीला, पंचांना आणि देवालाही हलवता आली नाही, ती त्या पोरानं दुपारच्या जेवणाआधी पाडली. जाळी बसली. आणि पाच वाजता बघते तर काय? एका जाळीत आम्ही दोघी. दोघी विधवा. माझी मुलगी चाकणला सासरी, त्यांचा किरण जर्मनीला. जायचं कुठं?

समोर उसाच्या कडेला वनखात्याचा पिंजरा लावलेला, त्यात एक शेळी. ती शेळी संध्याकाळभर ओरडायची. तीन दिवस आम्ही दोघी दोन कोपऱ्यांत बसून तिचं ओरडणं ऐकलं. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "शोभे, कोंडलंय कुणाला गं? तिला का आपल्याला?"

अकरा वर्षांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी हसले, आणि मग रडले. त्या म्हणाल्या, "रडू नगं, च्या ठिव."

बायांनो, बाई तळेघरच्या, वर डोंगरातल्या. तुम्हाला तिकडचं माहीत आहे. एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. भाताच्या खाचरांतून, नाचणीच्या उतारावरून चालत वाढलेली ती बाई. लग्न होऊन इथं शिनोलीला आली तरी माहेरी जायला गाडीची वाट बघायची नाही. अशा बाईला पाच वाजता जाळीच्या आत बसवायचं म्हणजे काय, ते मला विचारा. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. तिकडं बारा पावलं, इकडं बारा पावलं. मी म्हणायचे, बाई, बसा की जरा. "बसून बसून पाय चालायचं इसरत्याल," त्या म्हणायच्या.

गेल्या दिवाळीला किरणचं पार्सल आलं. चॉकलेटं, गुडघ्याला लावायचं मलम, स्वेटर. आणि स्वेटरच्या घडीत एक पुस्तक. लहान मुलांचं, जाड पुठ्ठ्याचं, चोवीस पानांचं, जर्मन भाषेतलं. ते चुकून आलं होतं. ते लीनाचं होतं.

लीना म्हणजे किरणची मुलगी. ही पुढं बसलीय ना, निळ्या फ्रॉकमधली, तीच. सात वर्षांची आहे. हिला मराठी येत नाही. किरण, आता तुला बोलणार आहे. मान खाली घालू नकोस, नुसतं ऐक. दर रविवारी तुझा फोन यायचा. लीना समोर यायची, "हाय आजी" म्हणायची, हात हलवायची, "बाय आजी" म्हणायची आणि पळायची. बाई सकाळपासून काय बोलायचं ते ठरवून ठेवायच्या. ते तोंडातच राहायचं. तू म्हणायचास, आई, तू इकडंच ये, तीन महिने राहा, मी तिकीट काढतो. फोन ठेवल्यावर बाई मला काय म्हणायच्या, माहिती आहे? "जाऊन काय करू? तितंबी कोंडूनच घ्यायचं. पोरगी माज्याशी बोलंना, मी तिच्याशी बोलंना. नुसतं बघत बसू व्हय एकमेकींकडं?"

तर ते पुस्तक हातात आलं. बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "शोभे, ह्ये वाचायचं. लीनाला वाचून दाखवायचं. पुरं झालं का मग जाते किरणकडं. त्याच्या आदी न्हाई."

मी म्हटलं, बाई, तुम्ही चौथी शिकलेल्या. मला इंग्रजी येत नाही धड, हे तर जर्मन. त्या म्हणाल्या, "तुजा फोन शिकलेला हाय ना?"

तो खरंच शिकलेला निघाला. कॅमेरा पानावर धरला की फोन वाचून दाखवतो, आणि मराठीत अर्थ पण सांगतो. मराठी अशी की हसून पुरेवाट. पहिल्याच पानाला फोन म्हणाला, "बदक आपल्या अंगणाविषयी समाधान बाळगत नाही." मग कळत गेलं. एक बदकीण आहे, जर्मनमध्ये तिला 'गान्स' म्हणतात. ती कुंपणाच्या आत राहते. तिला कुंपणापलीकडचं तळं बघायचंय. मालकीण फाटक उघडत नाही. बाई ताठ होऊन बसल्या. "म्हंजी तिलाबी कोंडलंय," म्हणाल्या. त्या बदकिणीवर त्यांचा जो जीव जडला, तो शेवटपर्यंत.

फोन बोलायचा, मी ऐकायचे, आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं आपल्या अक्षरांत मोठं मोठं लिहायचे. बाई ते वाचायच्या. आणि कशा वाचायच्या! आयुष्यात त्यांनी पोथीशिवाय दुसरं काही मोठ्यानं वाचलं नव्हतं. त्यामुळं हात-पाय धुऊन, पाटावर पुस्तक ठेवून, त्याला हळदीकुंकू वाहून, मांडी घालून, पोथीच्या चालीत जर्मन. हसा, हसा. मी पण हसले होते. आणि नियमही पोथीचाच लावला. एकदा उघडली की पुरी करायची, अर्धी ठेवायची नाही.

पहिलं पान बसायला नऊ दिवस लागले. संध्याकाळी आम्ही फोन लावला, तेव्हा तिकडं दुपार असते, लीना शाळेतून आलेली असते. "हाय आजी" झालं. "बाय आजी"च्या आत बाईंनी सूर लावला. लीना पळाली नाही. भुवया वर करून उभी राहिली. मग जवळ आली, इतकी जवळ की फोनमध्ये नुसतं नाक दिसायला लागलं. आणि तिनं आजीचा एक शब्द दुरुस्त केला. बाईंनी तो परत म्हटला. तिनं परत दुरुस्त केला. असा तो शब्द चार वेळा इकडून तिकडं गेला. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "मास्तरीण हाय. तुज्यासारखीच वरडती."

नवव्या पानावर लांडगा आला.

आता तुम्हाला माहीत आहे, दिवेलागण झाली की आपण जनावराचं नाव घेत नाही. 'ते' म्हणतो. ते आलंय, ते दिसलं, ते ओढ्याला गेलं. इकडं हल्ली पोरं विसरतात, पण बाई तळेघरच्या, त्यांचा बाप त्याच रानात गुरं चारायचा. नाव घेतलं की ते येतं, ही त्यांची खात्री. मग ते कुठल्याही भाषेतलं नाव असो. बाई वाचत वाचत त्या शब्दाशी आल्या आणि थांबल्या. इकडं तिकडं बघितलं. आणि जर्मन वाक्यात घातलं, "ते."

लीनाला वाटलं, आजीला येत नाही. तिनं सांगितलं, "वोल्फ." बाई म्हणाल्या, "ते." ती मोठ्यानं म्हणाली, "वोल्फ!" बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मागं उसाकडं दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "श्श. ते."

ती पोरगी अशी हसली म्हणून सांगू! पोट धरून हसली. मग तिनं पण ओठांवर बोट ठेवलं. त्यानंतर रोज तेच चाललं. लांडगा यायचा, लीना मुद्दाम तोंड उघडायची, बाई डोळे वटारायच्या, आणि दोघी मिळून गप्प. सात वर्षांत आजी-नातीचं जे झालं नव्हतं ते त्या एका न बोललेल्या शब्दावर झालं.

इथपर्यंत गोड आहे. इथं थांबले असते तर तुम्ही डोळे पुसत घरी गेला असता. पण मी हे सांगायला उभी नाही राहिले.

किरणनं आईची कागदपत्रं सुरू केली. पासपोर्ट झाला. पुस्तकाची सहा पानं राहिली होती. एकदा बाई व्हिसाचा फोटो काढायला घोडेगावला गेल्या आणि तिथं भाचीकडंच मुक्काम केला. त्या संध्याकाळी मी एकटी जाळीत बसले. पाच वाजले, कडी घातली. वनखात्यानं तोवर पिंजरा दुसरीकडं नेला होता, त्यामुळं ती शेळी पण नव्हती. मी टीव्ही लावला, बंद केला. चहा ठेवला, दोन कप ठेवला, एक ओतून दिला. त्या बारा पावलं चालायच्या ना, तशी चालून बघितली. आणि मला पहिल्यांदा कळलं की बाई गेल्या तर रोज हे असं आहे. तीन महिने असं. आणि तिकडं नातीत रमल्या तर पुढंही असंच. ऊस काय, आज ना उद्या तुटेल. पण माझी संध्याकाळ कोण तोडणार?

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. हुरूप घेऊन आल्या होत्या. "शोभे, आज दोन पानं करू," म्हणाल्या. फोन माझ्या हातात होता. पेन्सिल माझ्या हातात होती. मी पुस्तक उघडलं. पुढची सगळी पानं लांडग्याची होती, पानभर चित्र. आणि मी म्हटलं, "बाई, नको. पानभर त्याचं चित्र आहे. दिवेलागणीला ते उघडू पण नये."

बायांनो, असा काही नियम नाही. नावाचा आहे, चित्राचा नाही. तो मी त्या क्षणाला तयार केला. आणि ज्या बाईनं आयुष्यभर रानाचे नियम पाळले, तिला तो लगेच पटला. त्यांनी पुस्तकाला हात जोडले आणि मिटून ठेवलं.

मग ठरलं, रविवारी दुपारी बाराला वाचायचं, उजेडात. तेव्हा तिकडं सकाळ, लीना घरी. रोजचं वाचन आठवड्यावर आलं. एका रविवारी मी लग्नाला गेले, जायची काही गरज नव्हती. एका रविवारी फोन चार्ज नाही म्हणाले. मधेअधे एकेक पान करत राहिले, कारण अगदीच थांबवलं असतं तर त्यांना कळलं असतं. असं करत चार पानं व्हायला मी अडीच महिने लावले. किरण विचारायचा, आई, तिकीट कधीचं काढू? बाई म्हणायच्या, "दोन पानं राह्यल्यात, बाबा."

बदकीण तोवर फाटकातून बाहेर पडली होती. तळ्याच्या काठाला पोचली होती. आणि समोर ते उभं होतं. बाई मला रोज विचारायच्या, "खाईल का गं ते तिला?" मी म्हणायचे, लहान पोरांच्या पुस्तकात खात नसतं. त्या म्हणायच्या, "न्हाई खाल्लं तरी घरी परत आनून कोंडत्याल. त्याच्यापरीस तळं तरी दिसू दे तिला."

शेवटच्या रविवारी बाई सकाळीच न्हाऊन बसल्या होत्या. "आज संपवू, शोभे. पोरगी वाट बघती." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. किरणनं पाठवलेलं गुडघ्याचं मलम आणलं आणि ते माझ्या कपाळाला चोळत बसल्या. जळजळलं किती! फोन वाजला तेव्हा त्यांनीच लीनाला हातानं खुणावलं की आज नाही, पुढच्या रविवारी.

बुधवारी दुपारी कांद्याला पाणी धरताना त्यांच्या छातीत कळ आली. मंचरपर्यंत गाडी पोचायच्या आत गेल्या.

किरण, तुझ्या आईला बिबट्यानं कोंडलं, असं सगळे म्हणतात. बिबट्यानं पाच वाजल्यानंतर कोंडलं. बाकीचं मी. तू अग्नीला पोचू शकला नाहीस म्हणून इतके दिवस स्वतःला बोल लावतोयस, ते ऐकवत नाही मला. ती तुझ्याकडं येत होती. तिचा पासपोर्ट फडताळात साडीच्या घडीत आहे. तिला मी थांबवलं, कारण मला एकटीला भीती वाटत होती. हे तुला घरात सांगता आलं असतं. पण घरात तू "जाऊ दे काकी" म्हणाला असतास, आणि मला ते नको होतं. मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं. माफी मागत नाही. माफ करायची ती बाई इथं नाही.

अजून एक सांगते. तुम्ही आलात त्या दिवशी संध्याकाळी मी चुलीपाशी होते. लीना माझ्याकडं आली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. तिनं माझा हात धरला, मला ओढत ओसरीवर नेलं, जाळीशी उभं केलं. उसाकडं बोट दाखवलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि मराठीत विचारलं, "ते?"

मी मान हलवली. बाईंनी नातीला दिलेला तो एक शब्द. आणखी किती देता आले असते, त्याचा हिशोब मी करत बसते, तुम्ही करू नका.

काल किरण म्हणाला, काकी, शेवटच्या पानांवर काय आहे ते मी सांगतो. मी नको म्हटलं. शेवट मलाही अजून ठाऊक नाही. अक्षरं लिहून ठेवलीत फोनचं ऐकून, पण अर्थ विचारला नाही. बाईंना माहीत नव्हतं, मग मला आधी कशाला?

आता सकाळचे साडेदहा वाजलेत. लख्ख ऊन आहे. आता माझ्याकडं दिवेलागणीची सबब नाही, डोकं दुखत नाही, फोनची गरज नाही. उघडलेली पोथी अर्धी राहिलीय, आणि ती आज, या माणसांत, मी पुरी करणार आहे. त्यात त्याचं नाव सात वेळा येतं. सातही वेळा मोठ्यानं घेणार आहे. कुणी कानावर हात ठेवू नका.

आपण शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध राहतो. मी वाचेन तेवढा वेळ, तीच आपली दोन मिनिटं धरा. तुम्हाला त्यातलं अक्षर कळणार नाही. मला पण अर्धं कळणार नाही. चुकले तर दुरुस्त करणारी इथं बसलेली आहे. तुम्ही फक्त उभे राहा आणि शांत राहा.

बाई, नमस्कार करते. ऐका.

लीना, ये बाळा, अशी माझ्याजवळ ये. पुस्तक आण. कुठं थांबलो होतो आपण? बोट ठेव.